मागचा खांब

टॅलो वेलच्या खाणींत माणूस कुरकुर करायचा थांबला, की समजावं त्याला ओपल लागला, तो रंगीत, मौल्यवान दगड. ज्याला काही मिळत नाही तो दिवसभर बोंबलत असतो. ऊन, डिझेल, बायको, सरकार, सगळ्यांच्या नावाने. ज्याला मिळतं तो अचानक गरीब गाय होतो, जुनेच फाटके बूट घालून हिंडतो आणि क्लबमध्ये दुसऱ्याने पाजलेली बिअर मुकाट्याने पितो. झ्वोन्को बारिशिच गेल्या हिवाळ्यापासून असा गप्प झाला होता. गावात हे एकाच माणसाच्या लक्षात आलं. तो म्हणजे लेफ्टेरिस, त्याचा जुना भागीदार. एकोणीस वर्षं दोघांनी एका शाफ्टमध्ये, खाणीच्या उभ्या भोकात, माती खाल्ली होती, त्यामुळे झ्वोन्कोच्या शिव्या थांबल्या तर त्याला चुकल्यासारखं होणारच.

शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला लेफ्टेरिसच्या दारावर थाप पडली. तो टेकडीच्या पोटात कोरलेल्या आपल्या घरात, गारव्याला, चाकावर कुणाचा तरी दगड घासत बसला होता. दार उघडलं तर बाहेर रणरणत्या उन्हात झ्वोन्कोची मुलगी नेवेन्का उभी. ॲडलेडहून नऊ तास गाडी हाकून आली होती आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

"बार्बा, बाबा तुमच्याकडे आहेत का?"

बार्बा म्हणजे काका. तिच्या घरच्या डाल्मेशियन बोलीतही आणि त्याच्या ग्रीकमध्येही, त्यामुळे ती लहानपणापासून त्याला हेच म्हणत आली होती.

"नाही. तुला घ्यायला नाक्यावर नाही आला?"

"दर वेळी येतात. पंपाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले असतात. आज नाहीत. घर सताड उघडं आहे. ओट्यावर माझ्यासाठी सुका मासा भिजत घातलाय आणि त्याचं पाणी नासलंय, बार्बा. घरात शिरवत नाही."

 सुक्या कॉड माशाचं पाणी दिवसातून दोनदा बदलावं लागतं आणि झ्वोन्को त्या बाबतीत बायकांना धडे द्यायचा. गुरुवारी सकाळी तो पाववाल्याकडे दिसला होता. काल शुक्रवारी क्लबात पत्त्यांना आला नाही, तेव्हा सगळे धरून चालले की लेक येणार म्हणून घर आवरत असेल. म्हणजे आज तिसरा दिवस.

"शाफ्टवर बघितलंस?"

"सतरा मैलावर, त्यांच्या नेहमीच्या शाफ्टपाशी, पिकअप उभी आहे. वरून ओरडले, ओरडले. कुणी ओ दिली नाही."

तो तिथे नाहीच आहे, हे लेफ्टेरिसच्या अगदी ओठावर आलं. झ्वोन्को कुठे आहे ते त्याला माहीत होतं. शेळीच्या माळावर, जुन्या गंजक्या मोटारीच्या बॉनेटखाली, वीस मीटर खोल. काय झालं असेल तेही त्याला जवळजवळ माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, "ब्रॉनला बोलावू या."

या गावात माणसाला पुष्कळ गोष्टी माफ आहेत. दारूच्या नशेत दुसऱ्याच्या घराच्या धुराड्यावर गाडी चढवा, आठवड्याने लोक हसतात. बायको पळवा, वर्षभराने तिघंही एका टेबलावर बसलेले दिसतात. पण दुसऱ्याच्या शाफ्टमध्ये त्याच्या मागे उतरणाऱ्याला इथे उंदीर म्हणतात आणि उंदराला माफी नाही. त्याला कुणी मारत नाही. त्याच्याशी कुणी बोलत नाही, बस्स. दुकानात तो शिरला की दुकानदार पाठमोरा होऊन डबे लावत बसतो. सहाशे किलोमीटरपर्यंत दुसरं दुकान नाही, तेव्हा असा माणूस फार दिवस टिकत नाही.

लेफ्टेरिस उंदीर होता. अडुसष्टाव्या वर्षी, नाकासमोर चालून आयुष्य काढल्यावर.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, आता खाली उतरायचं नाही. तो वर बसला, लोकांचे दगड घासू लागला. एकोणीस वर्षांत दोघांना मिळून जे मिळालं त्यात डिझेलही सुटलं नव्हतं, आणि हा बाजूला झाल्यावर झ्वोन्कोला लागला. पैशांचं त्याला काही नव्हतं. त्याला नुसतं बघायचं होतं. म्हणून एका संध्याकाळी त्याने झ्वोन्कोचा माग काढला. मग झ्वोन्को पत्ते खेळायला बसला, की हा "छाती दुखते" म्हणून घरी राहायचा आणि शेळीच्या माळावर जायचा. असे सहा शुक्रवार. पहिल्याच दिवशी त्याने जमिनीच्या पट्ट्याच्या कोपऱ्यातल्या खुंटीवरचं नाव वाचलं होतं. पट्टा झ्वोन्कोच्या नावावर नव्हता, नेवेन्काच्या नावावर होता. तरी तो उतरला.

पुढच्या भिंतीतून खरवडलं असतं तर झ्वोन्कोला दुसऱ्या दिवशी कळलं असतं. म्हणून त्याने मागचा खांब धरला. छत पेलायला मध्ये न खोदता जो दगड सोडतात, त्यातला ओपल काढायचा नसतो. हे इथे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण त्या खांबातून हिरवी-लाल रेघ सरळ आत गेली होती, आणि माणूस रेघेमागे जातो. काढलेले तुकडे त्याने कॉफीच्या डब्यात ठेवले होते. एकही विकला नाही. संध्याकाळी दिव्याखाली धरून बघायचा आणि परत झाकून ठेवायचा. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

सहाव्या शुक्रवारी खांब बोलला. आत कुठेतरी कट्ट झालं आणि मानेवर चिमूटभर माती पडली. त्यानंतर तो गेला नाही. त्याला तीन आठवडे झाले होते.

मधे एकदा त्याने पत्ते पिसता पिसता सुचवून पाहिलं होतं. "झ्वोन्को, आता वयं झाली आपली. खाली टेकू लावत जा."

"कशाला? सतरा मैलावर माझ्या शाफ्टात सापाचंसुद्धा पोट भरत नाही," झ्वोन्को म्हणाला. "पत्ते वाट."

तिथे तो विषय संपला. ज्या शाफ्टबद्दल एकाने सांगायचं नाही आणि दुसऱ्याला माहीत असायचं नाही, तिथल्या छताबद्दल बोलणार तरी कसं?

ब्रॉन एरवी शाळेची बस चालवते आणि माणूस अडकला की बचाव पथक. तासाभरात तिने पंधराएक माणसं आणि दोर ओढायच्या विंचची गाडी घेऊन सतरा मैल गाठलं. ती स्वतःच खाली उतरली आणि दहा मिनिटांत वर आली, केसांत कोळिष्टकं घेऊन.

"इथे चार महिन्यांत कुणी उतरलेलं नाही. शिडीच्या प्रत्येक पायरीवर जाळं आहे."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. काळजी खरीच होती, पण तेवढ्यातही दोघातिघांचे डोळे लकाकून गेले. म्हणजे म्हाताऱ्याला लागलाय, आणि दुसरीकडेच लागलाय. ज्याला लागतो तो गाडी भलतीकडे उभी करतो, चालत जातो आणि खाली उतरल्यावर डोक्यावर पत्रा ओढून घेतो. वरून बघणाऱ्याला ते जुनं मेलेलं भोक वाटतं. असली भोकं गावाभोवती हजारोंनी आहेत.

"कुणी त्यांना चालताना बघितलंय?" नेवेन्काने विचारलं.

"मी बघितलंय. उत्तरेला, पाण्याच्या टाकीकडे," एकजण म्हणाला.

"टाकीकडे? मला तर विमानपट्टीपाशी दिसला होता."

"छे, मिठागराच्या वाटेवर."

पाच माणसांनी पाच दिशा सांगितल्या. झ्वोन्कोने सगळ्या गावाला हातोहात बनवलं होतं.

लेफ्टेरिसने घसा साफ केला. "शेळीच्या माळाकडे बघावं का?"

"का?" ब्रॉनने विचारलं.

"असंच. एकदा तिकडून येताना दिसला होता."

"कधी?"

"नक्की आठवत नाही."

"तिकडे चारशे शाफ्ट आहेत, लेफ्टेरिस. चारशे झाकणं उचलायची, ती या उन्हात." ती तिरसटासारखी बोलली नाही, पण वळून दुसऱ्याशी बोलू लागली. त्याला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची त्याला किळस आली. खाली गारवा असतो, त्याने मनाशी म्हटलं. पाणी असलं तर माणूस तीन दिवस काढतो. झ्वोन्को पाण्याची मोठी बाटली नेतो. नेतो का? पूर्वी न्यायचा.

साडेचार वाजता ब्रॉन सगळ्यांना घेऊन गावात, पथकाच्या शेडवर परतली. आत टेबलावर तिने माळरानाचा मोठा नकाशा पसरला. विमानातून काढलेला, प्रत्येक भोकाचा पांढरा ठिपका दिसेल असा. त्याच्याशेजारी टाचण्यांची डबी ठेवली. मग ती बाहेर आली.

"पाठ द्या," ती म्हणाली.

सगळे शेडकडे पाठ करून, मिठागराकडे तोंड करून ओळीने उभे राहिले. ही इथली जुनी रीत आहे. ज्याला दुसऱ्याचा शाफ्ट माहीत असायला नको, पण आहे, त्याने या पाच मिनिटांत मागे जायचं, नकाशात टाचणी टोचायची आणि परत येऊन उभं राहायचं. कुणी वळून बघत नाही. फार वर्षांपूर्वी एकाने बघितलं होतं, तर गाव त्यालाच सोडावं लागलं. ज्याने टाचणी टोचली तो अजून क्लबात पत्ते खेळतो, असं म्हणतात.

लेफ्टेरिसच्या जिवात जीव आला. ही रीत कशी आठवली नाही आपल्याला? आता फक्त पंधरा पावलं मागे जायचं.

आणि नेवेन्काने त्याचा दंड धरला.  तिला ही रीत लहानपणापासून ऐकून माहीत होती. ती ताठ मानेने समोर बघत होती आणि तिची बोटं त्याच्या दंडात रुतली होती.

"बार्बा, कुणाला तरी माहीत असेल ना?"

 एक मिनिट गेलं असावं. ओळीत कुणी हललं नाही, मागे कुणाची पावलं वाजली नाहीत. वाजणार कुठून? दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, तिने आपणहून हात सोडावा. तिला तहान लागावी, चक्कर यावी, काहीतरी व्हावं. ही पोर पाच वर्षांची असताना त्याने तिला खांद्यावर बसवून ढिगाऱ्यातले रंगीत खडे वेचायला शिकवलं होतं. गावाला कळणार नव्हतं. फक्त तिला कळणार होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जड जात होतं.

दुसरं मिनिटही गेलं. झ्वोन्कोला खाली घड्याळ दिसत असेल का, असं त्याच्या मनात आलं. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली.

तिची मान हलली नाही. तो मागे गेला, शेडमध्ये शिरला, चष्मा काढून पुसला, कारण ठिपके दिसेनात. टाचणी टोचली. परत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. तिने हात पुढे केला नाही.

ब्रॉन आत जाऊन आली. "शेळीचा माळ, पूर्वेचा कोपरा. चला." कुणी कुणाकडे बघितलं नाही. माणसं पटापट गाड्यांत चढली.

नेवेन्काने आपल्या गाडीचं दार त्याच्यासाठी उघडलं. तो बसला. अर्धी वाट सरली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबांनी तुम्हाला कधी दाखवला असेल ना हा शाफ्ट?"

तिने प्रश्न विचारला नव्हता, त्याला सुटकेची वाट दाखवली होती. घ्यायची तर घ्या, असं तिच्या आवाजात होतं.

"हो," लेफ्टेरिस म्हणाला. "एकदा दाखवला होता."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने गाडीचा वेग वाढवला.

दोघांनी बॉनेट उचलून बाजूला ठेवलं. नेवेन्का खुंटीपाशी थबकली. पत्र्याच्या पट्टीवर तिचंच नाव होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि मग शाफ्टच्या कडेला गुडघे टेकून ओरडली, "बाबा!"

खालून काही नाही. ती पुन्हा ओरडली. मग कुठून तरी दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. टक. टक. बऱ्याच वेळाने आणखी एक टक.

माणसांत जान आली. कुणी नेवेन्काचा खांदा थोपटला, कुणी दोर सोडायची तिपाई आणली. ब्रॉनने अंगावरचे पट्टे आवळले, दिवा लावला आणि एक पाय शाफ्टमध्ये सोडला.

लेफ्टेरिस बघत होता. टाचणीने जागा सांगितली होती. खांबाबद्दल टाचणी काय सांगणार? ब्रॉन खाली उतरणार, आवाजाच्या दिशेने सरळ धावत जाणार, जशी ती नेहमी जाते. आणि उरलेलं छत कशावर उभं आहे हे तिला माहीत नाही. तिला दोन मुलं आहेत. आताही गप्प बसलं तर? झ्वोन्को जिवंत आहे. कदाचित काही होणारही नाही. कदाचित.

"ब्रॉन, थांब."

"काय झालं?"

"खाली गेल्यावर मागचा खांब. त्याच्याजवळ टेकू लावल्याशिवाय जाऊ नकोस. तो आतून पोकळ आहे."

"पोकळ? झ्वोन्कोने खांब खाल्ला? त्याच्यासारखा माणूस?"

"त्याने नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. इथे कुणी पाठ दिली नव्हती.

"मी खाल्लाय," लेफ्टेरिस म्हणाला.

नेवेन्का गुडघ्यांवर होती ती तशीच राहिली. मागे कुणीतरी थुंकलं. ब्रॉनने पाय वर घेतला.

"किती?"

"या बाजूने हातभर. पलीकडून थोडा जास्त."

"कधी?"

"तीन आठवडे झाले. तेव्हाच बोलायला लागला होता."

"तीन आठवडे," ब्रॉन म्हणाली. तिने पट्टे सोडले आणि त्याच्यासमोर धरले. "मग पुढे तुम्हीच उतरा. कुठे काय खाल्लंय ते तुम्हालाच माहीत. टेकू मागून पाठवते, तुम्ही हाक मारल्याशिवाय माझा एकही माणूस खाली येणार नाही."

डॉक्टरचं कुणी नाव काढलं नाही. त्यानेही काढलं नाही.

खाली पाऊल पडेल तिथे धूळ उठत होती. पहिले तीन टेकू लावताना त्याची छाती शिट्ट्या वाजवू लागली. खांबाचा वरचा भाग जागेवर होता, खालचा कोसळून बोगदा भरला होता, आणि मधे जेमतेम सरपटायला वाव होता. चौथा टेकू ठोकून त्याने पाण्याची बाटली आणि जॅक पुढे ढकलला व स्वतः मागोमाग गेला.

झ्वोन्को उताणा पडला होता. डावा पाय गुडघ्यापासून शिळेखाली. तोंडावर इतकी माती बसली होती, की डोळे उघडले तेव्हाच तोंड कुठे आहे ते कळलं.

"कोण ते?"

"मी आहे."

"लेफ्टेरी? तुला कुठल्या गाढवाने उतरवलं? तुझी छाती..."

"बोलू नकोस. पाणी घे. थोडं थोडं."

तो प्यायला, खोकला, परत प्यायला. "पोर आली?"

"वर आहे."

"मासा फेकायला सांग तिला."

"सांगतो."

लेफ्टेरिस शिळेखालची माती हाताने उकरू लागला. जॅकला जागा करायची होती. झ्वोन्कोचा आवाज फाटलेला होता, पण तीन दिवसांत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं आणि त्याला थांबवत नव्हतं.

"मी खांब नीट सोडला होता रे. तुला माहीत आहे मी कसा सोडतो. कुणीतरी मागून पोखरला. पडल्या पडल्या दिवा मारला तर कुदळीचे घाव दिसले. मग दुसरं काम काय होतं मला? गावातला एकेक माणूस डोळ्यांपुढे आणला. कोण असेल, कोण असेल. तुला तेवढा बाजूला ठेवला. म्हटलं, वर गेलो की लेफ्टेरीला विचारू. त्याला माणसं कळतात. दोघं मिळून शोधू."

जॅक बसला. लेफ्टेरिसने दांडा हातात घेतला, पण दाबला नाही. हे आधी सांगायला हवं होतं. पाय मोकळा झाल्यावर सांगितलं असतं तर तो आणखी एक लबाडपणा झाला असता.

"शोधायला नको," तो म्हणाला. "सापडलाय."

"कोण?"

"मी."

झ्वोन्कोने त्याच्या दिव्याकडे बघितलं. मग दिव्यामागे तोंड होतं तिकडे. वरून नेवेन्काची हाक आली, बाबा, बाबा, आणि ती वाटेत कुठेतरी विरून गेली. झ्वोन्कोने तिला ओ दिली नाही. लेफ्टेरिस वाट बघत राहिला. एक शिवी मिळाली असती तरी त्याला पुरली असती.

झ्वोन्कोने तोंड भिंतीकडे वळवलं.

"उचल," तो म्हणाला.

लेफ्टेरिसने दांडा दाबला.